चप्पल चावली आणि काका १९ दिवस दवाखान्यात. ही भरती टळली असती का?

रानजाई
मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, जरा मोठा आहे, सांभाळून घ्या.

माझे काका, वय ५८, सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाची बाग. शुगर ९ वर्षांपासून आहे हे सगळ्यांना माहीत. गोळ्या सरकारी दवाखान्यातून घ्यायचे, तो १२ किलोमीटरवर. मागच्या वर्षी दोनदा गेले तर गोळ्या संपलेल्या, "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले. एका फेरीला अख्खा दिवस मोडतो, बागेत फवारणी चाललेली, म्हणून तिसऱ्यांदा गेलेच नाहीत. काही होत नव्हतं ना, मग राहिलं. चार महिने एकही गोळी नाही, आणि हे आम्हाला कुणाला ठाऊकही नव्हतं.

पुतण्याच्या लग्नात नवी चप्पल घातली, करंगळीला चावली, फोड आला. शुगरने पाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना दुखलंच नाही. हळद-तेल लावलं. मग गावातल्या डॉक्टरांनी दोन सुया दिल्या, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पण पट्टी सोडून पाय बघितला नाही की शुगर तपासली नाही. आठव्या दिवशी काकूला वास आला. शहरात नेलं तेव्हा शुगर ४०० च्या वर आणि दोन बोटं काळी. बोटं काढली, मांडीची कातडी लावली, १९ दिवस भरती. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, त्याबद्दल मनापासून आभारच. पण चुलतभावाची नोकरी सुटली, बहार हातचा गेला, तो कुठल्या योजनेत बसतो?

सर्जन म्हणाले, "काही दिवस आधी आले असते तर ड्रेसिंगवर भागलं असतं." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. तुमच्या घरात अशी भरती झालीय का, जी खरं तर व्हायलाच नको होती? आणि तुमच्याकडे साध्या दुखण्यासाठी जाता येईल, नीट बघेल, असा डॉक्टर जवळ आहे का?

मुळामुठा
काका आता कसे आहेत? आधी ते सांग.

रानजाई
@मुळामुठा चालतात, काठी घेऊन. दुसऱ्या पायाची भीती वाटते.

साधासरळ
वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ९ वर्षं शुगर आहे, घरात शिकलेली माणसं आहेत, आणि चार महिने गोळ्या बंद? आपल्याकडे बरं वाटलं की गोळी बंद करायची सवयच आहे. माझे वडील तसेच. प्रत्येक गोष्टीत सरकार काय करणार? मेडिकलमधून विकत आणता आल्या असत्या की.

डोंगरकपार
@साधासरळ हे बोलायला सोपं आहे दादा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं सहा-सहा महिने घराबाहेर असतात. त्यांचं कार्ड गावच्या केंद्रात आणि ते फडावर, दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे गोळ्या कुणाकडे मागायच्या? एक दिवस खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. माझ्या आईचं बीपी असंच वाढत गेलं, फडावरच अर्धं अंग गेलं. ५१ वर्षांची होती. ती गोळी अगदी स्वस्तातली असते हो. आई अजून आहे पण उजवा हात चालत नाही, आणि तिला भाकरी करायला फार आवडायचं.

साधासरळ
@डोंगरकपार माफ करा. हे मला माहीत नव्हतं.

स्टेथोवाला
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, जिल्हा सांगत नाही. रानजाई यांच्या काकांसारखा पाय मी महिन्याला एक-दोन तरी बघतो, आणि प्रत्येक वेळी तुमच्या सर्जनचंच वाक्य माझ्या मनात येतं.

आतली बाजू सांगतो. कागदावर सपाटीला ३०,००० लोकांमागे एक केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात २०,००० मागे एक. प्रत्यक्षात माझ्याकडे त्याहून बरीच जास्त लोकसंख्या आहे. सोमवारी बाजाराच्या दिवशी ओपीडी दीडशेच्या वर जाते. एका माणसाला दोन मिनिटं मिळतात. दोन मिनिटांत मी बीपी बघू की चप्पल काढायला सांगू? मग दुपारी मीटिंग, पोर्टलवर माहिती भरणं, शाळा तपासणी, रात्री बाळंतपण.

गोळ्या संपतात हे खरं आहे. मागणी आम्ही वेळेत पाठवतो, वरून येताना उशीर होतो, कधी १,००० मागितल्या तर ३०० येतात. मग मी १५ दिवसांच्या देतो म्हणजे सगळ्यांना थोड्या तरी मिळतील. पण त्याने काय होतं, माणसाच्या फेऱ्या दुप्पट होतात आणि तो यायचा बंद होतो. हे मला कळतं, तरी तेव्हा दुसरा मार्ग दिसत नाही.

आणखी एक. एमबीबीएस झालेली मुलं सरकारी सेवेच्या बॉण्डवर वर्षभरासाठी येतात. चांगली असतात, मनापासून काम करतात, पेशंट ओळखीचे होईपर्यंत वर्ष संपतं. पुन्हा नवा चेहरा. शुगर-बीपीच्या माणसाला त्याला ओळखणारा कुणीतरी लागतो, जो म्हणेल, "अहो गेल्या महिन्यात दिसला नाहीत?" एवढ्या एका वाक्याने काकांचा पाय वाचला असता असं मला वाटतं.

मुळामुठा
स्टेथोवाला, शेवटच्या दोन ओळींना +१००.

वर्धिनी
यावर एक चांगलं उदाहरण आहे. बीपीसाठी 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' सुरू झालं, २०१७ च्या शेवटी. आपल्या राज्यातले सुरुवातीचे चार जिल्हे म्हणजे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. फार काही जगावेगळं केलं नाही. कुठली गोळी आधी, बीपी उतरलं नाही तर पुढची कुठली, हे सगळीकडे एकच ठरवून टाकलं. एका वेळी ३० दिवसांच्या गोळ्या द्यायच्या. प्रत्येकाचं कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन किंवा घरी निरोप. मी वर्ध्याची, माझ्या सासऱ्यांना सिस्टरचा फोन यायचा, "बाबा, गोळ्या संपल्या असतील ना?" ते आम्हाला दाखवायला मुद्दाम स्पीकरवर फोन ठेवायचे. माझी चौकशी करतात म्हणून!

स्टेथोवाला
@वर्धिनी तेच. यादी काढून कोण आलं नाही हे बघणं, हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात राहून जाणारं काम आहे.

चिऊची_आई
आमचा अनुभव वेगळा आहे पण गोष्ट तीच. लेकीला दमा. तिसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंत चार वेळा भरती, दर पावसाळ्यात आणि दिवाळीत. प्रत्येक वेळी नेब्युलायझर, सलाईन, तीन दिवस, मेडिक्लेम, घरी. सुटीच्या कागदावर सिरप. कुणी सांगितलं नाही की हे रोज थोडं थोडं औषध देऊन थांबवता येतं. आणि सांगितलं असतं तरी सासूबाई म्हणायच्या पंप (इनहेलर) लावू नका, त्याची सवय लागते, मग तो सुटत नाही. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग घराजवळ एक बालरोगतज्ज्ञ मिळाल्या. त्यांनी अर्धा तास दिला. पंप थेट तोंडात मारला तर औषध घशातच बसतं, लहान मुलाला मध्ये स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावावा लागतो, वर मास्क. सिरपमधून पोटात जाऊन सगळ्या अंगभर फिरणाऱ्या औषधापेक्षा पंपातला डोस किती लहान असतो ते आकडे लिहून दाखवलं. स्टेरॉइडचा पंप मारला की चूळ भरायची हेसुद्धा. स्पेसर विकत घ्यायला जमत नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून कसा करायचा ते एका दुसऱ्या आईला माझ्यासमोर करून दाखवलं. तेव्हापासून अडीच वर्षं झाली, एकदाही भरती नाही. सासूबाईच आता "हिचा पंप दिला का?" म्हणून मागे लागतात.

खवय्या_नागपूरकर
आमच्या लहानपणी एक डॉक्टर होते, लाल रंगाचं मिक्स्चर द्यायचे बाटलीत, कागदाच्या कातरलेल्या पट्टीवर डोस. ताप, खोकला, परीक्षेची भीती, सगळ्यावर तेच. आणि उतरायचं बुवा!

मुळामुठा
अवांतर: परीक्षेची भीती त्या औषधाच्या चवीने पळायची. :))

खवय्या_नागपूरकर
खरंय! पण गंमत सोडा, ते डॉक्टर आमच्या घरातल्या तीन पिढ्या ओळखायचे. आजीला बघायला आले की माझी जीभ, बाबांचं वजन, सगळं बघून जायचे. बाबांना घाम जास्त येतोय म्हणून त्यांनीच मेडिकल कॉलेजला पाठवलं आणि हार्टचं वेळेत सापडलं. ते वारले तेव्हा मोहल्ल्यातली दुकानं बंद होती. त्यांच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. आता आम्ही थेट स्पेशालिस्टकडे जातो, पोटाचा वेगळा, गुडघ्याचा वेगळा, आणि आईच्या गोळ्या ११ झाल्यात. सगळ्या एकत्र कुणीच बघत नाही.

थेम्सकाठ
मी इंग्लंडमध्ये आहे, १४ वर्षं. इथे प्रत्येकाने एका जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं, स्पेशालिस्टकडे जायचं तरी बहुतेक वेळा त्यांच्यामार्फत. मला डायबेटिस निघाला तेव्हापासून वर्षातून एकदा मोजे काढून पायांची तपासणी. नर्स एक नायलॉनचा बारीक दोरा घेते, तो १० ग्रॅम दाब पडला की वाकतो, डोळे मिटायला लावते आणि तळव्याला टेकवून विचारते, "कळलं का?" नाही कळलं तर तुम्ही धोक्याच्या यादीत, मग पायवाल्या तज्ज्ञांकडे नियमित. डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढायचंही बोलावणं येतं.

इथे सगळं गोड आहे असं नाही. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसायचं, २० मिनिटांनी कळतं आजच्या वेळा संपल्या. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दमा, डायबेटिस, हार्ट फेल्युअर अशांसाठी किती लोक भरती झाले हा आकडा भरतीच्या आधी, हॉस्पिटलबाहेर मिळणाऱ्या उपचारांचा आरसा म्हणून बघतात. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना देशोदेशींचे हे आकडे शेजारी शेजारी मांडते. म्हणजे काकांची भरती झाली की प्रश्न हॉस्पिटलला विचारायच्या आधी विचारायचा, त्यांच्या गावात त्याआधीचं वर्षभर काय चाललं होतं?

स्टेथोवाला
@थेम्सकाठ आपल्याकडे माझ्या गावातला पेशंट शहरात भरती झाला तर मला कळतसुद्धा नाही. तो सुटीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला तर कळतं. आणि तो दोरा मागवला पाहिजे, उद्याच बघतो.

आशा_ताई_अमरावती
नमस्कार सर्वांना, मी आशा आहे, इथं घेतलेलं नुसतं नाव नाही, खरंच आशा स्वयंसेविका, १३ वर्षं झाली. मुलाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते, चुकलं तर समजून घ्या.

आम्ही बाळंतिणीच्या घरी जातो, दवाखान्यात बाळंतपण झालं असंल तर ६ वेळा, घरी झालं असंल तर ७ वेळा. ३ऱ्या दिवशी, ७, १४, २१, २८ आणि ४२. बाळाचं वजन, ताप, आणि श्वास मोजायचे पूर्ण एक मिनिट. दोन महिन्याच्या आतल्या बाळाचे ६० च्या वर गेले तर थांबायचं नाही. पहिल्या वर्षी एका बाळाचे ७२ मोजले, मला वाटलं माझंच चुकलं, परत मोजले ७०. आजी म्हणे बाळ झोपेत असंच करते. मी हट्टाने नेलं, केंद्रावरच औषध सुरू झालं, मोठ्या दवाखान्यात जायचं काम पडलं नाही. तो पोरगा आता सातवीत आहे, रस्त्यात भेटला की पळून जातो, लाजतो.

पण शुगर-बीपीचा फॉर्म भरतो आम्ही ३० वर्षांच्या वरच्या सगळ्यांचा, त्याचं पुढं काय होते ते कळत नाही. फॉर्म भरला की माणूस विचारतो "ताई, आता गोळी कुठं मिळंल?" तिथं आमची मान खाली जाते.

मुळामुठा
आशाताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं. तो मुलगा लाजू दे, मोठा होऊ दे.

चिऊची_आई
आशाताई __/\__

शब्दवेल्हाळ
आशाताई जे श्वास मोजण्याचं सांगतायत ते आपल्या गडचिरोलीतून देशभर गेलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेता येते हे दाखवलं, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि २०११ पासून ते आशांच्या कामात घेतलं. त्याआधी जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आणि डॉ. हिंमतराव बावस्कर. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना विंचू चावून माणसं डोळ्यांसमोर जायची. त्यांनी रात्र रात्र पेशंटच्या उशाशी बसून एकेक लक्षण लिहून काढलं आणि पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे दाखवलं. ती गोळी लहान केंद्रातही देता येते. म्हणजे चांगला उपचार मोठ्या इमारतीतच मिळतो हा समज आपल्याच मातीत खोटा ठरलाय.

साधासरळ
@शब्दवेल्हाळ पण ही सगळी असामान्य माणसं आहेत. प्रत्येक तालुक्यात बावस्कर कुठून आणायचे? व्यवस्था साध्या माणसांवर चालायला हवी.

शब्दवेल्हाळ
मान्य. पण जामखेडच्या आरोग्यसेविका साध्याच बायका होत्या ना.

हिशेबनीस
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. २०१८ साली आयुष्मान भारत आलं तेव्हा त्याचे दोन पाय होते. एक ५ लाखांचं विमा संरक्षण, दुसरा दीड लाख आरोग्य केंद्रं, ज्यांचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर आहे. पहिला पाय सगळ्यांना ठाऊक, कार्ड खिशात आहे. दुसऱ्याची चर्चा कुणी करत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेवर जावा.

सरकारी हिशेबाप्रमाणे आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. ही सुधारणा आहेच. पण खिशातून जातं त्यातला मोठा भाग भरतीचा नसून बाहेरून घेतलेल्या औषधांचा असतो, आणि विमा नेमका तिथे नसतो. रानजाई यांच्या काकांचं बोट कापायला कार्ड चाललं. बोट राखायला लागणारी गोळी आणि पट्टी त्या कार्डावर मिळत नाही.

साधासरळ
हे शेवटचं वाक्य वाचून मी माझं पहिलं मत बदलतोय. पूर्ण नाही, निम्मं. :) वडिलांच्या गोळ्या मात्र आज मोजल्या. ३० तारखेपर्यंत पुरायला हव्यात, त्यात १७ जास्त निघाल्या. म्हणजे १७ दिवस चुकवल्यात त्यांनी.

मुळामुठा
@साधासरळ विचारलंत का का चुकवल्या?

साधासरळ
विचारलं. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं म्हणे. डॉक्टरांना सांगितलं नाही, त्यांना घाई असते म्हणून.

स्टेथोवाला
शुगरची मेटफॉर्मिन नावाची गोळी असेल तर जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायला सांगा, आणि त्यांच्या डॉक्टरांना नक्की कळवा. हळू सुटणारी वेगळी गोळी असते, ती बऱ्याच जणांना सोसते. स्वतःहून बदलू नका.

लोकलची_आठ_दहा
मुंबईतून. आमच्या चाळीजवळ 'आपला दवाखाना' सुरू झालाय, २०२२ पासून शहरात निघाले तसा. कामावरून आल्यावर संध्याकाळी जाता येतं ही त्याची सगळ्यात चांगली गोष्ट. मी घरकाम करणाऱ्या मावशींना तिथे नेलं, बीपी १८० निघालं, त्या म्हणाल्या, "सकाळची ओपीडी मला कधी गाठताच आली नाही गं, सकाळी तर चार घरची भांडी असतात." दोन महिन्यांनी १४० च्या आत. वेळ बदलली एवढंच तर झालं.

डोंगरकपार
@लोकलची_आठ_दहा हे फडावर संध्याकाळी आठवड्यातून एकदा आलं तरी आमची कित्येक माणसं वाचतील.

रानजाई
सगळ्यांचे आभार. रविवारी गावी जाऊन आले, म्हणून उशीर झाला.

उपकेंद्रातल्या सिस्टरना भेटले. त्यांना काकांचं ऑपरेशन झाल्याचं माहीतच नव्हतं, स्टेथोवाला म्हणाले तसंच. सुटीचा कागद दाखवला तर त्यांनी वहीत नाव घेतलं, दर मंगळवारी ड्रेसिंग बघते म्हणाल्या, आणि गोळ्या केंद्रात आल्या की काकूच्या मोबाईलवर कळवते. गावात शुगरचे आणखी किती आहेत विचारलं तर वही उघडून मोजायला लागल्या, ४३ निघाले. त्यातले कितीजण गेल्या महिन्यात आले होते हे काढायला आम्ही दोघी तासभर बसलो होतो. १९.

काकू रोज रात्री काकांचा तळवा आरशात दाखवते त्यांना. त्यांना वाकता येत नाही ना. बाकी काही नाही पण त्यांना बिनशिवणीची, आतून मऊ चप्पल घ्यायला सांगितलीय, ती कुठे मिळते कुणाला माहितीय का?

स्टेथोवाला
एमसीआर चप्पल म्हणून विचारा, मऊ रबराची असते. जिल्हा रुग्णालयात कुष्ठरोग विभागात चौकशी करा, त्यांच्याकडे पायाचं माप घेऊन करणारे कारागीर माहीत असतात. मागे पट्टा असलेली घ्या, नुसती अंगठ्याची नको. आणि नवी आणली की पहिल्या दिवशी एकच तास घालायची, मग काढून पाय बघायचा.

रानजाई
लिहून घेतलं. उरलेल्या २४ जणांकडे आमच्या गावच्या आशाताई आणि सिस्टर बुधवारपासून जाणार आहेत, यादी काकूने भिंतीवर लावलीय.